जुन्या जीपच्या स्टेअरिंग बॉक्समध्ये ग्रीस की तेल?

प्रश्न साताऱ्याहून आलेला आहे. गाडी १९८६ची महिंद्रा जीप, वडिलांच्या वेळची. पावसाळा संपल्यापासून स्टेअरिंग जड झालंय. गॅरेजवाल्याने स्टेअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरपेटीचा, प्लग काढून तिथे निप्पल (ग्रीस गन लावायचं तोंड) बसवला आणि गनने ग्रीस भरलं. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा जड. मित्राचं म्हणणं की बॉक्समध्ये १४० नंबर तेल घाल. गॅरेजवाला म्हणतो की तेल दोन दिवसांत गळून जातं, ग्रीस टिकतं. ऐकायचं कुणाचं, असा प्रश्न आहे.

मित्राचं ऐका. पण नुसतं तेल ओतून तुमचं स्टेअरिंग हलकं होईलच असं नाही, आणि हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. तीसेक वर्षं मी जीपवर काम करतो आहे. स्टेअरिंग जड म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत दोष बॉक्सच्या बाहेर सापडला. म्हणून आधी तेलाचं सांगतो, मग खरा दोष कसा शोधायचा ते.

तुमच्या गाडीचा बॉक्स आधी कुणी बदललेला नसेल तर तो 'कॅम अँड लीव्हर' जातीचा असणार. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात लाफायेत गावी रॉस नावाची कंपनी होती, तिची ही रचना. अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपला हाच बॉक्स होता. १९५३ साली आलेलं सीजे-३बी हे मॉडेल महिंद्राने आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं बनवलं, त्याच्याबरोबर हा बॉक्सही इथे रुळला. स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला जाड पोलादी कॅम असतो, त्यावर स्क्रूसारखी फिरती खाच कापलेली. या खाचेत दोन निमुळत्या पिना बसतात. पिना लीव्हरवर, लीव्हर आडव्या शाफ्टवर, आणि शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला ड्रॉप आर्म, म्हणजे खाली लोंबणारा दांडा. तुम्ही स्टेअरिंगचं चाक फिरवलंत की कॅम फिरतो, खाच पिनांना पुढे-मागे ढकलते आणि ड्रॉप आर्म झुलतो. कॅमच्या वर आणि खाली सुट्या गोळ्यांचं एकेक बेअरिंग असतं.

आता या रचनेत वंगण कुठे पोहोचायला हवं ते बघा. पिना खाचेत घासत सरकतात, लोळत नाहीत. धातू धातूवर दाबून घसरतो, म्हणजे तिथे वंगणाचा पदर सतत नवा यायला हवा. तेल असेल तर पिन पुढे गेली की तिच्या मागे तेल आपोआप वाहत येतं. घट्ट ग्रीस असेल तर पिन पहिल्या काही फेऱ्यांत ते बाजूला सारते, स्वतःपुरता बोगदा करते आणि मग त्या कोरड्या बोगद्यात फिरत राहते. बाजूला ग्रीस भरपूर दिसतं, पण पिनेला त्यातलं काहीच मिळत नाही. तुमचं स्टेअरिंग आठवडाभर बरं वाटलं आणि मग पुन्हा जड झालं, ते बहुतेक याचमुळे.

काही वर्षांपूर्वी चिपळूणकडची एक जीप आली होती. मालकाने दर दिवाळीला बॉक्समध्ये ग्रीस भरून घेतलेलं, अगदी नेमाने. झाकण काढलं तर आत पिवळं-काळं ग्रीस साबणाच्या वडीसारखं घट्ट बसलेलं, आणि त्यात पिनांनी कोरलेले दोन स्वच्छ मार्ग. खालच्या बेअरिंगपर्यंत ग्रीसचा कणही गेला नव्हता. गोळ्या तांबूस गंजलेल्या, त्यांची रिंग तुटलेली. त्या माणसाने गाडीची काळजी घेण्यात कसूर केली नव्हती, त्याला वंगणच चुकीचं सांगितलं गेलं होतं. मला अजूनही त्या गाडीचं वाईट वाटतं.

जीपच्या मूळ दुरुस्ती-पुस्तिकेतही या बॉक्ससाठी पातळ राहणारं गिअर वंगणच सांगितलं आहे. घट्ट ग्रीस, ग्रॅफाइट, सफेदा असलं काही वापरू नका, असं तिथे बजावलेलं आहे.

निप्पलचंही सांगायला हवं. कारखान्यातून हा बॉक्स येतो तेव्हा त्याला निप्पल नसतो, साधा प्लग असतो. हाताची ग्रीस गन शंभर-दोनशे बार दाब सहज देते. शाफ्टच्या तोंडाचं ऑइल सील एवढ्या दाबासाठी केलेलंच नसतं. बॉक्स भरला की पुढचा दाब सरळ सीलवर येतो आणि सील आपल्या जागेवरून सरकतं किंवा त्याची कड उलटते. नंतर तेल घातलं की ते गळणारच. मग 'बघा, तेल टिकत नाही' असं म्हणून पुन्हा ग्रीस भरलं जातं. तुमच्या गॅरेजवाल्याला गळती दिसली ती खरी असेल, पण कारण बहुधा ती गनच आहे. निप्पल काढून प्लग परत लावा.

तेल कुठलं? पुस्तकाप्रमाणे ९० नंबर. तेलाचा हा आकडा त्याचा घट्टपणा सांगतो. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरची स्निग्धता किमान १३.५ सेंटिस्टोक्स असते, १४० नंबरची किमान २४. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि चाळीस वर्षं घासलेल्या बुशांमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) १४० नंबर, किंवा ८५डब्ल्यू-१४०, जास्त बरा टिकतो असा माझा अनुभव आहे. महाबळेश्वर-पाचगणीकडे हिवाळ्यात पहाटे गाडी काढणार असाल तर ९० ठेवा, नाहीतर पहिली दहा मिनिटं चाक ओढल्यासारखं वाटेल. साताऱ्यात १४० चालेल.

डब्यावर 'जीएल-४' (हा गिअर तेलाचा दर्जा) लिहिलेलं बघून घ्या. 'जीएल-५' हे डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरसाठी असतं. त्यात गंधक-फॉस्फरसची भर जास्त, आणि ती भर पितळ-काशासारख्या पिवळ्या धातूला मानवत नाही. लीव्हर शाफ्टचे बुश काशाचे असतात. स्टेअरिंग बॉक्स गिअरबॉक्सइतका तापत नाही, त्यामुळे चुकून जीएल-५ गेलं तर रातोरात काही बिघडणार नाही. पण जीएल-४ त्याच दुकानात मिळतं, तर तेच घ्या. पॉवर स्टेअरिंगचं लाल तेल मात्र अजिबात नको. ते पंपासाठी असतं, या बॉक्सला फार पातळ पडतं आणि एका रात्रीत खाली सांडतं.

सील गळतंय आणि लगेच बदलणं शक्य नाही, अशा वेळी एक मधला मार्ग आहे: शून्य-शून्य नंबरचं सेमी-फ्लुइड ग्रीस. ग्रीसचा नंबर एनएलजीआय या अमेरिकेतल्या ग्रीस संस्थेच्या मोजपट्टीवर ठरतो. आपण चाकाच्या बेअरिंगला वापरतो ते २ नंबर. ठरावीक शंकू त्यात सोडला की तो २६५ ते २९५ इतका रुततो, मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजल्यावर. शून्य-शून्य नंबरमध्ये तोच शंकू ४०० ते ४३० पर्यंत रुततो. ते काकवीसारखं असतं, उभं राहत नाही, हळूहळू परत खाचेत वाहून येतं. अमेरिकेतले जुन्या जीपवाले मक्याच्या कापणीयंत्राच्या गिअरचं असंच ग्रीस वापरतात. आपल्याकडे ते औद्योगिक वंगणाच्या दुकानात मागावं लागतं, नेहमीच्या स्पेअरपार्टवाल्याकडे सहसा नसतं. घासलेल्या बॉक्सला ते चांगलं चालतं. सील आणि बुश नीट असतील तर मात्र मी तेलच घालतो.

आता जडपणाकडे वळू. बॉक्सला हात लावण्याआधी अर्धा तास काढून ही एक तपासणी करा. ती केली नाही तर बाकी सगळं अंदाजावर चालेल.

मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा ॲक्सल जॅकवर उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. ड्रॉप आर्मपासून ड्रॅग लिंक, म्हणजे त्याची ओढ पुढे नेणारा दांडा, सुटी करा. लिंकच्या टोकाला कॉटर पिन असते, ती काढून मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरने प्लग सैल केला की आतल्या स्प्रिंग आणि वाट्या निघतात. त्या कुठल्या क्रमाने आल्या त्याचा फोटो काढून ठेवा. आता आत बसून स्टेअरिंगचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. दोन बोटांनी फिरलं पाहिजे. मधोमध, म्हणजे चाकं सरळ असतात त्या जागी, थोडासा भार लागेल. तो असायलाच हवा, कारण कॅमची खाच तिथे मुद्दाम उथळ कापलेली असते, सरळ रस्त्यावर प्ले (ढिलेपणा) राहू नये म्हणून. बाजूंना ते सैल होत जायला हवं.

चाक असं मोकळं फिरलं तर बॉक्स निर्दोष आहे आणि जडपणा पुढे आहे. आता पुढची चाकं हाताने डावी-उजवीकडे वळवून बघा. पावसाळ्यानंतर जड झालेल्या जीपमध्ये मी सर्वात आधी बेल क्रँक पाहतो. पुढच्या क्रॉस मेंबरवर बसलेला हा आडवा तुकडा ड्रॅग लिंकची ओढ घेतो आणि दोन्ही टाय रॉडना, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्यांना, देतो. चिखल आणि पाणी नेमकं तिथेच उडतं. त्याच्या पिनेत गंज धरला की सगळं स्टेअरिंग जखडतं. निप्पल चिखलात बुजलेला असल्याने ग्रीस मारणाऱ्याच्या तो नजरेलाही पडत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मालकाने आधी दोन वेळा स्टेअरिंग बॉक्स बदलून घेतला होता. बेल क्रँकची पिन काढायला आम्हाला प्रेस लागला, एवढी ती धरलेली होती. नवी पिन आणि बेअरिंग टाकल्यावर दुसरा बॉक्स, जो त्याने काढून घरी ठेवला होता, तोसुद्धा उत्तम निघाला. हाही पैसा वाचला असता.

बेल क्रँक मोकळा असेल तर टाय रॉडचे सांधे, आणि मग चाकामागच्या नकलचे (चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचे) बेअरिंग. नकलच्या वर-खाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, असतात, त्या कमी केल्या की बेअरिंगवर दाब वाढतो. सील काढून नकलच्या आर्मला स्प्रिंग काटा लावून ओढलं तर साधारण दोन-अडीच किलोला ते वळायला हवं. वॉबल (चाकांचं थरथरणं) घालवण्यासाठी कुणीतरी शिम काढून बेअरिंग करकचून आवळलेलं असतं, असं बरेचदा आढळतं. टायरमधली हवाही बघा. ६.००-१६च्या टायरला पुढे मी २६ ते २८ पाउंड ठेवतो. हवा अठरावर आली तरी डोळ्यांना कळत नाही, हातांना मात्र लगेच कळतं.

आणि चाक बॉक्सपाशीच जड असेल, किंवा फिरवताना खरखर जाणवत असेल, तर बॉक्स उघडायचा.

ग्रीस भरलेल्या बॉक्सवर नुसतं तेल ओतून ते बदलत नाही, हे आधी लक्षात घ्या. घट्ट ग्रीस आत राहिलं तर तेल त्याच्यावर तरंगतं आणि प्लगची पातळी पूर्ण झाल्यासारखी दिसते. बाजूचं झाकण काढून बोटाने, लाकडी पट्टीने जेवढं निघेल तेवढं ग्रीस काढा. मग डिझेलने धुवा, पण धुतलेलं डिझेल पूर्ण निथळू द्या, एक रात्र तरी. खालच्या बेअरिंगभोवतीचं ग्रीस गाडीवर असताना बहुधा निघत नाही. त्यासाठी बॉक्स उतरवावा लागतो आणि कॉलमसकट तो बाहेर काढणं म्हणजे पूर्ण दिवसाचं काम. तुमच्या गाडीत दाबाने ग्रीस भरलंय, सीलही बहुतेक गेलंय, त्यामुळे तुम्ही तो उतरवूनच घ्यावा असं माझं मत आहे.

उतरवताना ड्रॉप आर्म पुलरनेच काढा. आधी शाफ्टवर आणि आर्मवर छिन्नीने एका रेषेत खूण करा, नाहीतर लावताना एक दाता इकडेतिकडे जाईल आणि चाक सरळ असताना बॉक्स मध्यावर राहणार नाही. शाफ्टवर हातोडी मारू नका. तो मार थेट पिनांमधून कॅमच्या खाचेवर जातो, आणि कठीण केलेल्या पोलादाला एकदा ठोक बसला की तिथून पोपडे निघायला लागतात.

सुटं झाल्यावर कॅमच्या खाचेचा मधला भाग उजेडात धरून बघा. नुसती चमक असेल तर ठीक. खड्डे, पोपडे दिसत असतील तर कॅम संपला. पिनांवर सपाट पट्टा पडला असेल तर त्याही संपल्या. शाफ्ट बुशमध्ये हलवून बघा. बुश सैल असताना नवं सील घालणं व्यर्थ आहे, शाफ्ट हलत राहतो आणि सील महिन्याभरात पुन्हा गळतं. बुश आधी, सील नंतर. शाफ्टवर सीलची कड घासून खोबण पडली असेल तर चांगल्या लेथवाल्याला दाखवा.

जुळवणीचा क्रम चुकवू नका. आधी कॅमची वर-खाली चाल. वरच्या झाकणाखाली पातळ शिम असतात, त्या कमी-जास्त करून कॅम हलत नाही पण मोकळा फिरतो अशा जागी आणायचा. ते झाल्यावरच बाजूच्या झाकणावरचा स्क्रू. लॉकनट सैल करायचा, चाक बरोबर मध्यावर ठेवायचं, आणि स्क्रू थोडा थोडा आत घ्यायचा, मध्यावर हलका भार जाणवेपर्यंत. मग टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघायचं. कुठेही अडता कामा नये. लॉकनट आवळल्यावर पुन्हा एकदा फिरवून बघा, कारण नटाबरोबर स्क्रू फिरतो.

इथे एक धोका आहे आणि तो मी प्रत्येक मालकाला सांगतो. खाच मध्यावरच जास्त झिजते. झिजलेल्या कॅमचा मधला प्ले पूर्ण घालवण्यासाठी स्क्रू आवळला तर बाजूंना, जिथे खाच झिजलेली नसते, तिथे पिना जाम होतात. अशी गाडी वळणावर वळते, पण चाक आपोआप परत येत नाही. यवतेश्वरचा किंवा पसरणीचा घाट अशा गाडीने उतरू नका. स्टेअरिंगच्या चाकाच्या कडेला एक ते दीड इंच प्ले राहिला तरी चालेल, पण बॉक्स अडलेला कधीच चालणार नाही.

तेल भरायला मी औषधाच्या दुकानातली ५० मिलीची सिरिंज आणि तिला जाड नळी वापरतो. डबा तासभर उन्हात ठेवला की १४० नंबरही सहज ओढला जातो. गाडी सपाट जागी असावी. प्लगच्या भोकातून थोडं थोडं घाला, मध्ये थांबून चाक दोन्ही टोकांना फिरवा, पुन्हा घाला. पातळी प्लगच्या भोकाच्या काठापर्यंत. या भोकात काही ओतण्याआधी भोवतालची माती ब्रशने झाडून घ्या, हे सांगायला नको पण सांगतो.

पाणी कुठून येतं? बहुतेक वेळा वरून. स्टेअरिंगच्या कॉलमच्या वरच्या तोंडातून, उघड्या जीपवर पाऊस पडतो तेव्हा. किंवा वॉशिंग सेंटरवर प्रेशरने डॅशबोर्डखाली पाणी मारतात तेव्हा. दुधाळ चहासारखं तेल दिसलं तर ते पाणीच. अशा वेळी वरून भर घालू नका, सगळं ओढून काढा आणि नवं भरा. मी माझ्या नेहमीच्या गाड्यांचे प्लग वर्षातून दोनदा उघडतो, मृगाच्या आधी आणि दसऱ्याला. तेल दोन बोटांत चोळून बघतो. चमचमणारे कण लागले तर चुंबक फिरवतो, आणि कण चिकटले तर मालकाला बॉक्स उघडायची कल्पना देऊन ठेवतो.

ग्रीस गन फेकून द्यायची नाही. तिची जागा बेल क्रँक, टाय रॉड, ड्रॅग लिंक आणि शॅकल (पाट्यांच्या स्प्रिंगचा झुलता सांधा). तिथे जुना चिखलाळ ग्रीस बाहेर येऊन नवा दिसेपर्यंत मारा. ज्यांच्याकडे पद्मिनी आहे त्यांनाही वरचं तेलाबाबतचं सगळं लागू आहे. तिचा बॉक्स वर्म अँड रोलरचा, पण आत गिअर तेलच. ॲम्बॅसेडरला मात्र बॉक्स नसून रॅक आहे, तिथे रबरी बूट फाटलाय का ते आधी बघायचं.

तुमच्या गाडीसाठी माझा क्रम असा राहील: आधी निप्पल काढून प्लग, त्याच दिवशी ड्रॅग लिंक सुटी करून तपासणी, मग बेल क्रँक, आणि बॉक्स उतरवायचाच ठरलं तर सील आणि बुशाचे पैसे एकदमच बाजूला ठेवा. तेल भरून आठ दिवस गाडी चालवल्यावर प्लग पुन्हा उघडा. गोळ्यांमध्ये अडकलेली हवा तोवर निघालेली असते आणि पातळी थोडी खाली बसते, तेवढं तेल वरून घाला. त्याच वेळी ड्रॉप आर्मच्या मागे हात फिरवून बघा, सील कोरडं आहे ना.